पाप कुणाचं, खोकला कुणाचा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "घरात जुना खोकला कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलत नव्हते. माझे सासरे खोकत, पण त्यांना दमा होता. दमा म्हणजे काही खोकला नव्हे, असं आमच्या घरात सगळेच धरून चालत. शेजारी उभे असलेले माझे यजमान शमुवेल यांनीही मान हलवून 'नाही' म्हटलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि एक्स-रे परत पाकिटात घातला. ते म्हणाले, "हा रोग आकाशातून पडत नाही, बाई. कुणीतरी कुणाला तरी देतं. आठवा."

त्या दिवशी मला क्षय झाल्याचं कळलं. बाहेर पडल्यावर यजमान सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालत होते. रडू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात डॉक्टरांचं ते वाक्यच घोळत होतं. कुणी दिला असेल? लहानपणापासून मला ही खोड आहे. घरात काही हरवलं तर ते परत मिळण्यापेक्षा ते गेलं कसं, हे मला आधी कळायला हवं असतं.

घरी आलेली माणसं

आम्ही कोल्हापूरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. यजमान उद्यमनगरात लेथवर काम करत आणि मी बालवाडीत शिकवत असे. आमची रूथ तेव्हा नुकती तीन वर्षांची झाली होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे. ते आमच्या मंडळीचे वडील होते. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं आणि वडील म्हणजे त्यांनी निवडलेला कारभारी. मामंजींचा शब्द खाली पडत नसे. घरात ते तुमच्या-आमच्यासारखं कोल्हापुरी बोलत. प्रार्थनेला उभे राहिले की छापल्यासारखं.

माझी बातमी मंडळीत पसरली, तशी माणसं घरी येऊ लागली. पदर नाकाला लावून दाराशीच बसत. एक मावशी बराच वेळ चुळबुळ करून शेवटी म्हणाल्या, "एस्तेर, तू सिनेमाला जातीस न्हवं?"

"जाते की. वर्षातनं एकदा."

"बघ म्हंजे," त्या म्हणाल्या, आणि निदान झाल्यासारख्या उठून गेल्या.

दुसऱ्या एकीला माझ्या लग्नाआधीचं काहीतरी पाप हवं होतं. तिसरी म्हणाली, कुणाचा तरी तळतळाट असणार. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले, त्यांनी प्रेमानं डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या ज्ञात-अज्ञात पापांची क्षमा मागितली. ज्ञात पापं मला ठाऊक होती, ती फार मोठी नव्हती. अज्ञात पापांनी मात्र मला छळलं. पाप फुप्फुसापर्यंत पोहोचतं तरी कसं? उजव्याच बाजूला का? तिथंही वरच्याच भागात का? दुखणं म्हणजे पापाची शिक्षा नव्हे, असं बायबल म्हणतं, ते मी स्वतः रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. पण फळ्यापुढं उभं राहून सांगणं वेगळं आणि रुमालात रक्ताचा ठिपका बघणं वेगळं.

या सगळ्यात मामंजी गप्प होते. मावशींना त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही, याचं मला नवल वाटलं. एरवी असल्या बोलण्यावर ते उसळत.

त्यांच्याविषयी आणखी एक कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी आमच्याकडे तेव्हा एकच चांदीचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लावला जाई. मामंजी पाळकांमागून तो पुसत चालत आणि शेवटी स्वतः घेत. वर्षभर झालं, ते भाकर घेत, पण प्याल्याला ओठ लावत नसत. लोकांना तो त्यांचा नम्रपणा वाटे. मी एकदा घरी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी त्याला योग्य न्हाय, बाई." एवढ्या भल्या माणसानं असं कोणतं पाप केलं असेल, याचा मी पोळ्या लाटताना कितीदा विचार केला होता.

वॉर्ड

गावाबाहेर माळावर क्षयाचं हॉस्पिटल होतं. रूथला मामंजींच्या मांडीवर ठेवून मी तिथं दाखल झाले. निघताना तिनं रडून आकांत केला. मामंजींनी तिला छातीशी घट्ट धरलं, आणि तिला सांभाळणारं मायेचं माणूस घरात आहे, म्हणून मी देवाचे आभार मानले.

तिथले दिवस एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. सकाळी दंडाला नाहीतर कमरेला सुई. मग मूठभर पांढऱ्या गोळ्या, इतक्या मोठ्या आणि इतक्या कडू, की एकेक गिळायला पेलाभर पाणी लागे. मग दूध आणि उकडलेलं अंडं. दर आठवड्याला वजनाच्या काट्यावर उभं राहायचं. शेर-पाव शेर वाढलं असलं, तर सगळा वॉर्ड त्या बाईचं अभिनंदन करी. दुपारी सगळ्या खाटा व्हरांड्यात ओढायच्या. कळंब्याच्या बाजूनं वारा यायचा. प्रत्येकीच्या खाटेखाली फिनेल घातलेलं झाकणाचं भांडं असे. पहिल्या दिवशी त्याची किळस आली. पुढं त्याच्या शेजारी चहाचा पेला ठेवून गप्पा मारायची सवय झाली.

माझ्या उजवीकडे जैतुनबी होती. तिचा नवरा कल्हईवाला, रोज सायकलवरून तिला चहाची किटली आणून देई. डावीकडे शिरोळकडच्या पद्माक्का, जैन शेतकरी घरातल्या. त्या मला 'तंगी' म्हणत. त्यांच्याकडे धाकट्या बहिणीला तसं म्हणतात. पद्माक्का अंड्याला शिवत नसत. ते जैतुनबीला जाई, आणि जैतुनबी आपलं दूध पद्माक्कांना देई. सिस्टरनी या व्यवहाराकडे डोळेझाक केली होती.

मला राहवेना. एका दुपारी मी दोघींना विचारलंच, "तुमच्यात काय म्हणतात? हे दुखणं कशानं येतं?"

"मागच्या जन्मीचं हाय, तंगी," पद्माक्का म्हणाल्या. "बांधलेलं कर्म भोगल्याबिगर सुटत न्हाय."

"मागच्या जन्मी काय केलंत, ते आठवतं?"

"न्हाय आठवत त्येच बरं. आठवलं असतं तर झोप लागली असती व्हय?"

जैतुनबी कुशीवर वळली. "आमच्यात उलटं हाय बघा. ताप आला की गुनाह झडत्यात. नानी म्हनायची, झाडाची पानं झडल्यागत. मी तर आता येवढी झडलीया की निस्त्या फांद्या ऱ्हायल्यात."

आम्ही तिघी हसलो. क्षयाच्या वॉर्डात हसणं महागात पडतं. मग तिघी मिळून खोकलो.

मी मात्र विचार करत राहिले. पद्माक्कांचं पाप आजाराच्या आधीचं, जैतुनबीचं आजारानं धुऊन निघणारं. माझं यात कुठं बसवायचं? त्या दोघींना आपापल्या उत्तरानं निदान झोप तरी लागत होती.

तहान

आमचे पितळी पेले एकसारखे होते, म्हणून प्रत्येकीच्या पेल्यावर रंगानं खूण केलेली होती. एकदा जैतुनबीनं घाईत पद्माक्कांचा पेला उचलून तोंडाला लावला. सिस्टर लांबूनच ओरडल्या, "ए बाई! किती वेळा सांगायचं? दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावायचं नाही! तुला आजार आहे, हे ठाऊक आहे ना?"

मी दुधाचा घोट घेत होते. तो तसाच तोंडात राहिला.

आजार ठाऊक असलेला माणूस दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावत नाही.

मी खाटेवरून उठले आणि अनवाणीच डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं: चांदीचा प्याला, वर्षभर न लावलेले ओठ, दमा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "घरी सगळे एकत्र कधी बसता?"

"रोज संध्याकाळी. घरच्या प्रार्थनेला."

"कुठल्या खोलीत?"

"मधल्या. लहान आहे. डास येतात म्हणून दार-खिडकी लावून घेतो."

"गाता?"

"मामंजी गातात. रूथ त्यांच्या मांडीवर असते. मी पेटी वाजवते, त्यांच्या समोर बसून."

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, हा रोग प्याल्यातनं फारसा जात नाही. श्वासातनं जातो. खोकणाऱ्या माणसाबरोबर बंद खोलीत रोज बसलं की जातो. आणि मुलगी आता कुठं आहे?"

मुलगी त्याच मांडीवर होती. मीच तिला तिथं ठेवून आले होते.

भेटीचा दिवस अजून लांब होता. तेवढ्यात जैतुनबीचा नवरा किटली घेऊन आला. मी त्याच्यापुढं हात जोडून यजमानांसाठी निरोप सांगितला, रूथला आजच माझ्या माहेरी पोचवा. त्यानं काय, कसं, कशाला, असं काही विचारलं नाही. "उद्यमनगरात न्हवं? गेलो बगा," एवढं म्हणून किटली तिथंच ठेवून तो सायकलवर बसला. अंधार पडायच्या आत यजमानांनी रूथला घेऊन बिद्रीची एसटी गाठली होती. बिद्रीला साखर कारखान्याच्या वसाहतीत माझे आई-वडील राहत. त्या कल्हईवाल्याची किटली मात्र त्या दिवशी गार झाली. जैतुनबीनं तो गार चहा कुरकुर न करता प्यायला.

बाकावर

यजमानांचा विश्वास बसेना. आपला बाप असं करेल, हे त्यांना खरं वाटेना. पण त्यांनी मामंजींना हॉस्पिटलात आणलं. एक्स-रे निघाला. माझ्या फुप्फुसात एक लहान भोक होतं. मामंजींच्या दोन्ही बाजू चाळणी झाल्या होत्या, आणि रोग जुना होता.

त्यांना पुरुषांच्या वॉर्डात घेतलं. दुसऱ्या दिवशी मी निरोप पाठवला, आणि ते मधल्या आवारातल्या बाकावर येऊन बसले. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला. समोर शेवग्याचं झाड होतं.

"कधीपासनं ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मार्थाचं जमायच्या आधीपासनं." मार्था म्हणजे माझी नणंद, दोन वर्षांपूर्वी तिला जयसिंगपूरला दिली होती. "लांबच्या गावाला जाऊन दाखवून आलतो. सुया घेतल्या. ताप गेला, वजन वाढलं, तवा सोडल्या. क्षयाच्या घरातली पोरगी कोण करून घेतंय?"

"लग्न झाल्यावर सांगायचं."

"गेल्या साली खोकला परत आला, तवा तर जास्तीच भ्या वाटलं. परत लावून दिली असती."

"मंडळीचा प्याला राखलात."

"व्हय."

"आणि घरात?"

त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याची घडी उलगडली. मी पुन्हा विचारलं. आवाज चढला असावा, कारण पलीकडून कुणीतरी वळून पाहिलं.

"घरात पेला येगळा केला असता," मामंजी हळूच म्हणाले, "तर तू इचारलं असतंस. मंडळीत कुणी इचारत न्हाय. तू इचारणारी बाई हायस. तुला एकदा खोटं सांगून भागलं नसतं."

एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि मान दुसरीकडं वळवली. अशी मान त्यांनी घरात कधी वळवली नव्हती. मी उठले आणि माझ्या खाटेवर येऊन पडले.

मग रूथची तपासणी झाली. कोपराखाली हातावर बारीक सुई टोचली आणि काही दिवस थांबायला सांगितलं. माझ्या आईनं तिला परत आणलं, तेव्हा सुईच्या जागी रुपयाएवढी लाल गाठ उठली होती. रोग शरीरात शिरला होता, पण अजून पसरला नव्हता. वर्षभर औषध द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. रूथ मला गाठ दाखवून म्हणाली, "आई, बघ, टिकली." मला तिला जवळ घ्यायची परवानगी नव्हती.

चढलेला ताप

उतरलेला माझा ताप पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, सुईची जागा पिकलीय, त्यानं असेल. असेलही. पण पुरुषांच्या वॉर्डातून मामंजींच्या खोकल्याचा आवाज आला की हातातला घास मी ताटलीत परत ठेवी, हे मी स्वतःवर पाहत होते. प्रार्थनेला डोळे मिटले की तो बाक दिसे. काही दिवसांनी मी डोळे मिटायचंच सोडलं. मला वाटे, पाप त्यांनी केलं, खोकला मला आला, आणि आता हा रागही मलाच. हा कुठला न्याय? आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की पाप फुप्फुसापर्यंत कसं पोहोचतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. गूढ काहीच नव्हतं त्यात. एका माणसानं भीतीपोटी तोंड मिटून घेतलं. दुसरी त्याच्यासमोर बसून पेटी वाजवत श्वास घेत राहिली. एवढंच.

"तुमच्यात माफी देत्यात न्हवं?" जैतुनबीनं एकदा विचारलं.

"देतात."

"मग दे की."

"येत नाही."

तिला हे उत्तर पटलं असावं. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही, फक्त तिच्या वाटणीची मोसंबीची फोड माझ्या ताटलीत ठेवली.

पाळकसाहेब आले, तेव्हा मी त्यांनाही सोडलं नाही. "मामंजींना पश्चात्ताप झालाय. देवानं क्षमा केली, असं धरू. मग माझ्या फुप्फुसातलं भोक बुजलं का नाही? रूथची गाठ का उठली?"

ते वयानं माझ्याएवढेच होते. स्टुलावर बसून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एस्तेरबाई, क्षमेचं मी व्यासपीठावरून सांगतो. भोकाचं मला ठाऊक नाही. तुमच्या घरी येऊन अज्ञात पापांची प्रार्थना केली, ती मात्र करायला नको होती."

आजारपणात मला बऱ्याच जणांनी धीर दिला. पण 'मला ठाऊक नाही' असं म्हणणारा तो एकच माणूस भेटला, आणि त्या दिवशी मला जरा हलकं वाटलं.

मंडळीपुढं

मामंजींच्या थुंकीत जंतू दिसेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एका रविवारची रजा दिली. ते चर्चमध्ये गेले, मागच्या उघड्या दाराशी उभे राहिले आणि उपासना संपल्यावर बोलले. मी तिथं नव्हते. यजमानांनी मला नंतर सांगितलं. मामंजींनी रोग लपवल्याचं सांगितलं, सुनेला आणि नातीला तो दिल्याचं सांगितलं. पुढं म्हणाले, "मी प्याल्याला तोंड लावीत नव्हतो, त्याला तुम्ही माझी नम्रता म्हणालात. ती मी म्हणू दिली. हे माझं दुसरं पाप. सुनेला लोक पापी म्हणत होते, तेव्हा मी त्याच घरात बसून होतो. हे तिसरं, आणि हेच सगळ्यांत मोठं." नंतर ते कारभारीपण सोडून देऊन चालत बाहेर पडले. सिनेमाचं विचारणाऱ्या मावशी म्हणे फार रडल्या. माझ्याकडे मात्र आल्या नाहीत.

मार्थाच्या सासूनं तिला तपासणीला पाठवलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली, तरी तिला माहेरीच ठेवायचं चाललं होतं. शेवटी तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. सासू पुढं कितीतरी वर्षं तिच्याशी धड बोलली नाही. मामंजींना ज्याचं भ्या होतं, ते निम्मं खरं झालं आणि निम्मं झालंच नाही.

घरी

मी बरी झाले. माझं भोक बुजलं. एक्स-रेत आता तिथं पांढरा ओरखडा तेवढा दिसतो. रूथ औषध संपवून धडधाकट वाढली. मामंजींचं मात्र पहिल्या वेळी अर्धवट सोडलेलं औषध त्यांना भोवलं. ते मधे चांगले झाले, आणि वर्षभरातच रोग उलटला. ज्या औषधानं मी उठले, ते त्यांना लागू पडेना. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सध्या या दुखण्यात असेल, तर दोनच गोष्टी सांगते. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. आणि घरच्यांना सांगा. त्याच दिवशी, जेवायच्या आधी सांगा.

हॉस्पिटलनं हात टेकल्यावर मामंजींना घरी आणायचं ठरलं. यजमान म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर आणणार नाही." मी नाही म्हणाले नाही. क्षमा केली होती म्हणून नव्हे. दुसरीकडं त्यांना कोण बघणार होतं? रूथला बिद्रीला ठेवलं. मागच्या अंगणाकडची खोली रिकामी करून तिच्या खिडक्यांची झडपं काढून टाकली. मी तोंडाला फडकं बांधून आत जाई, काम करी आणि बाहेर येई.

पहिल्या सकाळी मी चहा ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "एस्तेर, मला माफ केलंस काय ग?"

खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. खरं सांगितलं असतं तर ते त्यांच्या जिवावर बेतलं असतं. मी म्हटलं, "आजच्यापुरतं केलंय. उद्याचं उद्या विचारा."

ते गमतीनं घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्या दिवशीही. काही दिवस मी लगेच 'हो' म्हणत असे. एक-दोनदा सरळ 'आज नाही' म्हणून बाहेर आले. त्या दिवशी ते चहा निमूट पीत. कधी विचारण्याआधीच दुसरं काही निघे: अंगणातल्या शेवग्याला शेंगा धरल्या का, रूथनं बिद्रीला काय पराक्रम केला, मार्थाचं पत्र आलं का. मग आम्ही बोलत बसत असू, मी दारातल्या स्टुलावर आणि ते खाटेवर, भिंतीला टेकून.

ते उन्हाळ्यात गेले. माती झाल्यावर घर आवरताना मी रिकामी कपबशी हातात घेऊन त्या खोलीत उभी होते, आणि मला एकदम वाटलं, शेवटच्या दिवसांत त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता. किती दिवस विचारला नव्हता, ते मला आठवेना. आठवडा असेल, कदाचित जास्तही. त्यांनी विचारायचं सोडलं होतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी आपली रोज चहा नेत होते आणि शेंगांविषयी बोलत होते.

रोग कुठून आला, ते मी शोधून काढलं होतं. पण माझ्यातला राग नेमका कोणत्या सकाळी गेला, हे शोधायला मी आजही बसते, आणि तो दिवस मला अजून सापडलेला नाही.